सेव्हर्न आणि वायच्या काठाने कॅम्परची सहल: आधी भरतीचे वेळापत्रक, मग रस्त्याचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पती-पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे वडील असे चौघे सप्टेंबरअखेर इंग्लंडमधील ब्रिस्टलजवळून कॅम्पर (आत झोपण्याची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन सेव्हर्न व वाय या नद्यांच्या काठाने सहा दिवस फिरणार आहेत. नदीकाठी गाडी उभी करून रात्र काढता येईल का, सेव्हर्नची प्रसिद्ध भरतीची लाट केव्हा व कोठून पाहावी, आणि भारतातील परवान्यावर एवढी मोठी गाडी चालवणे कितपत झेपेल, अशी विचारणा त्यांनी केली आहे.

या भागात मी बारा वर्षे कॅम्पर चालवतो आहे आणि त्यांपैकी पाच वर्षे भाड्याच्या कॅम्परचा ताबा देणे-घेणे हेच माझे काम होते. त्या अनुभवावरून सांगतो की बहुतेक मंडळी आधी रस्ता आखतात, मुक्काम नोंदवतात आणि निघण्याच्या आदल्या रात्री भरतीची वेळ पाहतात. या नद्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. सेव्हर्नच्या मुखाजवळ, एव्हनमथच्या परिसरात, मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे 14 मीटरांचा फरक पडतो. म्हणजे चार मजली इमारत बुडेल एवढे पाणी सहा तासांत येते आणि पुढच्या सहा तासांत निघून जाते. सकाळी जिथे काठोकाठ भरलेली रुंद नदी पाहिली तिथे दुपारी तपकिरी चिखलाचे उतार आणि मध्ये एक अरुंद प्रवाह दिसतो. त्यामुळे ‘काय पाहावे’ या प्रश्नाला येथे ‘केव्हा’ जोडल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

मराठी माणसाला हे गणित इतरांपेक्षा लवकर समजते, कारण आपल्याकडे ते तिथीशी बांधलेले आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा आणि द्वादशीला नऊ, हा हिशेब आपल्या वडिलांना बहुधा ठाऊक असेल. अमावास्या-पौर्णिमेला मोठे उधाण आणि अष्टमी-नवमीला भांगाची मंद भरती हे तत्त्व येथेही तेच आहे, फक्त प्रत्येक बंदराचा आरंभबिंदू निराळा असतो. मुंबईला अमावास्येची भरती बाराच्या सुमारास येते, तर एव्हनमथला ब्रिटनच्या उन्हाळी वेळेप्रमाणे ती आठच्या सुमारास येते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेला शून्य धरून तिथीची पाऊणपट करावी आणि त्यात आठ तास मिळवावेत. हा अंदाज सहलीचे दिवस निवडण्यापुरता पुरेसा आहे; प्रत्यक्ष त्या दिवसासाठी मात्र छापील किंवा ऑनलाइन भरतीपत्रकच वापरावे.

या हिशेबातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. मोठ्या उधाणाच्या दिवसांत येथे पाणी नेहमी सकाळी आणि रात्री आठ-नऊच्या आसपास भरते आणि दुपारी दोन-तीनला तळ गाठते, तर भांगाच्या दिवसांत भर दुपारी नदी भरलेली असते. ज्यांना केवळ दुपारी भरलेली, शांत नदी पाहायची आहे त्यांनी अष्टमीच्या आसपासचे दिवस घ्यावेत. लाट पाहायची असेल तर मात्र ते दिवस पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण भांगाच्या भरतीला लाट उठतच नाही.

सप्टेंबरअखेर ही वेळ आपण चांगली निवडली आहे. विषुवदिनाच्या आगेमागे येणारी उधाणे वर्षातील सर्वांत मोठी असतात. आपल्या पंचांगात पाहायचे तर भाद्रपद पौर्णिमा, सर्वपित्री अमावास्या आणि कोजागरी यांच्या आसपासची उधाणे ती हीच. सर्वांत मोठी भरती ऐन पौर्णिमेला किंवा अमावास्येला येत नाही, तर त्यानंतर एक ते तीन दिवसांनी येते, म्हणून द्वितीया-तृतीया हे दिवस सहलीच्या मध्यभागी पडतील अशा बेताने तारखा ठरवाव्यात. तारखा एक-दोन दिवसांनी पुढे-मागे करणे शक्य असेल तर तेवढ्यासाठी जरूर कराव्यात.

आता लाटेविषयी. सेव्हर्नचे मुख नरसाळ्यासारखे आहे. एव्हनमथजवळ पात्र सुमारे 8 किलोमीटर रुंद असते, लिडनी-शार्पनेसच्या परिसरात ते दीड किलोमीटरच्या आसपास येते आणि मिन्स्टरवर्थला पोहोचेपर्यंत 100 मीटरही उरत नाही. शिवाय तळही हळूहळू वर चढत जातो. अटलांटिकमधून आत ढकलले गेलेले पाणी या निमुळत्या वाटेत कोंडले जाते आणि उताराने येणाऱ्या नदीच्या प्रवाहावर चढून पायरीसारखे वरच्या दिशेने धावू लागते. यालाच येथे ‘बोअर’ म्हणतात. अनुकूल दिवशी तिची उंची 2 मीटरपर्यंत जाते आणि ताशी सरासरी 16 किलोमीटर वेगाने ती ग्लॉस्टरकडे जाते. 1955 साली जॅक चर्चिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने प्रथम फळीवर उभे राहून ती पार केली आणि तेव्हापासून मोठ्या बोअरच्या दिवशी नदीत हौशी सर्फर दिसतातच.

प्रत्यक्ष अनुभव छायाचित्रांपेक्षा बराच वेगळा असतो आणि त्याची कल्पना असलेली बरी. आधी काहीच दिसत नाही. नदी संथपणे समुद्राकडे वाहत असते, काठावरची माणसे दबक्या आवाजात बोलत असतात. मग वळणापलीकडून आगगाडी दूरच्या पुलावरून जावी तसा एक सलग आवाज येऊ लागतो. प्रथम दोन्ही काठांशी पांढरी फुटलेली कड दिसते, मध्यभागी मात्र पाणी न फुटता गुळगुळीत फुगवट्यासारखे पुढे सरकते आणि त्यामागे आणखी सात-आठ फुगवटे एकामागून एक येतात. ती समोरून जायला अर्धे मिनिटही लागत नाही. खरे आश्चर्य त्यानंतर आहे: जी नदी क्षणापूर्वी डावीकडे वाहत होती ती आता उजवीकडे, दुप्पट वेगाने, ओंडके, फांद्या आणि फेस घेऊन वाहत असते. आपल्या मुलीला लाटेपेक्षा हेच अधिक लक्षात राहील असे मला वाटते.

येथे बहुतेकांची एक चूक होते आणि ती मीही केली आहे. बोअर म्हणजे भरतीचा शेवट नव्हे, तिची सुरुवात आहे. ती गेल्यावर पुढे तासभर किंवा अधिक काळ पाणी चढतच राहते. सुरुवातीच्या वर्षांत मी पश्चिम काठावरच्या एका अरुंद गल्लीत, नदीपासून वीसेक पावलांवर, गवताच्या कडेला कॅम्पर लावला होता. लाट गेली, लोक पांगले, मी निवांतपणे चहाचे आधण ठेवले. चहा ओतेपर्यंत गल्लीच्या सखल टोकाला पाण्याची जीभ आली होती आणि कप रिकामा होईपर्यंत ती माझ्या व दुसऱ्या टोकाच्या मध्ये पसरली होती. पाणी चाकांच्या निम्म्यापर्यंत चढले आणि मी दीड तास आत बसून राहिलो. नुकसान फारसे झाले नाही, पण ब्रेकमध्ये गेलेला बारीक गाळ काढायला नंतर अर्धा दिवस लागला. नदीकाठी गाडी लावण्यापूर्वी मी तेव्हापासून जमिनीकडे पाहतो: कुंपणाच्या तारेत अडकलेले सुके गवत, भिंतीवरची रंगाची आडवी रेघ, रस्त्यावर वाळून तडकलेला गाळाचा पापुद्रा. गेल्या उधाणाला पाणी कोठपर्यंत आले होते ते या तीन खुणा कोणत्याही फलकापेक्षा अचूक सांगतात. गाडी त्या रेषेच्या बरीच वर हवी आणि बाहेर पडण्याचा रस्ताही त्या रेषेच्या वरूनच जायला हवा. दुसरी अट लोक विसरतात.

वेळेबाबत एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. अनेक भरतीपत्रके वर्षभर ग्रिनिच प्रमाणवेळ छापतात, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात. एका कुटुंबाने गाडी परत करताना माझ्याकडे तक्रार केली की लाट आलीच नाही. पत्रकात 9 वाजून 5 मिनिटे होती, ते साडेआठलाच हजर होते, पावणेदहापर्यंत थंडीत उभे राहिले आणि कंटाळून निघाले. लाट 10 वाजून 5 मिनिटांच्या सुमारास आली असणार, म्हणजे ते गाडीत बसून वीस मिनिटे झाल्यावर. पत्रकाच्या तळाशी किंवा माथ्याशी कोणती वेळ छापली आहे ते आधी वाचावे. त्याशिवाय वारा, हवेचा दाब आणि नदीला आलेले पावसाचे पाणी यांमुळे लाट वीसेक मिनिटे लवकर किंवा उशिरा येऊ शकते, म्हणून सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जागेवर असावे. अंदाजपत्रकांत लाटेला एक ते पाच तारे दिलेले असतात. तीनपेक्षा कमी ताऱ्यांसाठी मुद्दाम पहाटे उठून जाण्यात फारसा अर्थ नाही. सलग दिवसांत भरती सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते, पण ऐन उधाणात हे अंतर 35-40 मिनिटांवर येते, त्यामुळे आदल्या दिवसाच्या वेळेत 50 मिळवून भागत नाही.

पाहण्याची जागा म्हणून मी कॅम्परवाल्यांना पश्चिम काठावरचे न्यूनम हे गाव सुचवतो. तेथील सेंट पीटर चर्च नदीवरच्या कड्यावर आहे आणि त्याच्या आवारातून सेव्हर्नचे मोठे नालाकृती वळण खाली पसरलेले दिसते. पात्र येथे रुंद असल्यामुळे लाट उंच दिसत नाही, परंतु ती दुरून येताना दिसते, आपण सुरक्षित उंचीवर असतो आणि वडिलांना चिखलात उतरावे लागत नाही. न्यूनमला लाट पाहून लगेच ए-48 रस्त्याने निघाले तर मिन्स्टरवर्थला ती पुन्हा गाठता येते, कारण नदी वळणावळणाने जाते आणि रस्ता बराच सरळ आहे; लाटेला तेथे पोहोचायला साधारण तासभर लागतो आणि गाडीला पंधरा-वीस मिनिटे. मोटारीने हे सहज जमते. कॅम्परने जमते की नाही हे मिन्स्टरवर्थला साडेसहा मीटरची जागा मिळते का यावर अवलंबून असते आणि मोठ्या लाटेच्या दिवशी ती बहुधा मिळत नाही. पूर्व काठावरचे स्टोनबेंच हे ठिकाण छायाचित्रकारांना प्रिय आहे, पण तेथे जाणारी गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून ट्रॅक्टर आला तर कोणाला तरी बरेच मागे जावे लागते. कॅम्पर घेऊन तेथे जाऊ नये.

आता रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न. इंग्लंड आणि वेल्समध्ये वाटेल तेथे कॅम्पर लावून झोपण्याचा सार्वत्रिक हक्क नाही. प्रत्येक जमिनीला मालक आहे, मग तो शेतकरी असो, नगरपरिषद असो किंवा कालव्याची संस्था असो, आणि त्याची परवानगी लागते. रस्त्याकडेच्या थांब्यांवर लोक रात्र काढतात हे खरे आहे, पण ती मुभा आहे, अधिकार नव्हे, आणि पोलिसांनी सांगितल्यास निघावे लागते. ‘स्कॉटलंडमध्ये तर चालते’ असे आपल्याला कोणी सांगेल. तेथील मुक्त संचाराचा हक्कही पायी फिरणाऱ्यांचा व तंबूवाल्यांचा आहे, मोटार वाहनांना तो लागू होत नाही. नदीकाठच्या वाहनतळांवर रात्री झोपण्यास मनाई असल्याचे फलक सर्रास दिसतात आणि त्यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांमुळेच पुढच्या वर्षी तेथे उंची अडवणारा दांडा बसतो.

यावर चांगला तोडगा म्हणजे पाच वाहनांपुरत्या लहान जागा. कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब या दोन्ही संस्थांच्या मान्यतेने शेतकरी अशा जागा चालवतात. त्यासाठी संबंधित संस्थेचे सभासद व्हावे लागते. स्नानगृह नसले तरी पिण्याचे पाणी आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय असते, आणि शेताच्या वरच्या बांधावरून नदी दिसते असे भाग्यही कधीकधी लाभते. काही पब रात्रीचे जेवण तेथेच घेतल्यास आवारात गाडी लावू देतात, पण फोन करून आधी विचारावे. सहापैकी दोन रात्री तरी वीजजोडणी असलेल्या मोठ्या कॅम्पस्थळावर काढाव्यात, कारण सप्टेंबरअखेर रात्री गार असतात, हीटर चालतो आणि वृद्ध माणसाला गरम पाण्याची आंघोळ लागते. शौचालयाची टाकी आणि सांडपाणी त्यासाठी नेमलेल्या जागीच रिकामे करावे. ‘भरती सगळे धुऊन नेते’ हा समज या नदीत विशेषच खोटा आहे; येथे एकदा गेलेली वस्तू ओहोटीबरोबर जाते आणि पुढच्या भरतीबरोबर परत येते.

मार्गाविषयी माझे मत स्पष्ट आहे: मैल कमी करा आणि एकाच जागी भरती व ओहोटी दोन्ही पाहा. ब्रिस्टलहून निघून पहिले दोन दिवस वाय नदीला द्यावेत. चेपस्टोला 1067 साली बांधायला घेतलेला किल्ला कड्यावर उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी 1816 चा बिडाचा कमानीचा पूल आहे. या पुलावर ओहोटीच्या वेळी उभे राहून खाली पाहावे. इतक्या लहान नदीला एवढा उंच पूल कशासाठी, असा प्रश्न पडतो. दोन्ही काठांवर चिखलाचे चकचकीत उतार असतात, त्यांवर पक्ष्यांच्या पावलांच्या बारीक रेघा असतात आणि खांबांवर डोक्याच्या कितीतरी वरपर्यंत ओला, काळपट पट्टा चढलेला असतो. संध्याकाळी पुन्हा त्याच जागी यावे. तो पट्टा पाण्याखाली गेलेला असतो, नदी दुप्पट रुंद झालेली असते आणि पुलाची उंची कशासाठी आहे ते न सांगता कळते. येथे पाणी 12 मीटरांहून अधिक चढते. पुलाच्या मध्यावर इंग्लंड आणि वेल्सची सीमा आहे, त्यामुळे मुलीला दोन देशांत दोन पाय ठेवून उभे राहता येईल.

चेपस्टोहून ए-466 हा रस्ता वायच्या दरीतून वर जातो. दुतर्फा दाट झाडी, वळणे आणि रस्त्यावर झुकलेल्या फांद्या आहेत. उंच कॅम्परने डाव्या कडेला फार न चिकटता जावे. 1131 साली स्थापन झालेला आणि 1536 मध्ये बंद पडलेला टिन्टर्नचा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ आज छताविना उभा आहे आणि त्याच्या शेजारून वाहणारी नदी भरती-ओहोटीचीच आहे, हे तेथे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या लक्षातही येत नाही. थोडे वर ब्रॉकवेअर हे गाव आहे. समुद्रातून भरतीबरोबर आलेला माल येथे मोठ्या होड्यांतून उतरवून लहान होड्यांत भरत असत, कारण पुढे पाण्याचा भरवसा नसे. बिग्जवेअरच्या एकपदरी पुलाशी, जेथे सिग्नलवर थांबावे लागते, भरतीची हद्द संपते. त्यापुढची वायही सुंदर आहे, पण ती वेगळी नदी आहे आणि आपल्या सहा दिवसांत ती बसवू नये. चालणाऱ्यांसाठी विंडक्लिफवरच्या ‘ईगल्स नेस्ट’ या जागेवरून वाय, सेव्हर्न आणि सेव्हर्नवरचे दोन्ही मोठे पूल एकाच नजरेत दिसतात. खालून जाणारी 365 पायऱ्यांची वाट वडिलांसाठी नाही.

तिसरा-चौथा दिवस न्यूनम परिसरासाठी ठेवावा, दोन्ही रात्री एकाच जागी काढाव्यात आणि लाट एका सकाळी हुकली तर दुसरी सकाळ हाताशी ठेवावी. मधल्या दुपारी लिडनीच्या जुन्या बंदरावर जावे. पाचव्या दिवशी ग्लॉस्टरवरून पूर्व काठाला यावे. ग्लॉस्टरला गोदीपाशी तासभर पुरे. शहरातील वाहनतळांच्या दाराशी 2 मीटरचे दांडे असतात आणि कॅम्परने तेथे फिरणे कंटाळवाणे होते.

पूर्व काठावरचे पर्टन मात्र चुकवू नये. ग्लॉस्टर-शार्पनेस कालवा 1827 साली खुला झाला तो नदीचे बेभरवशाचे वळण टाळण्यासाठीच. पर्टनपाशी कालवा आणि नदी यांच्यामध्ये जेमतेम एका बांधाची जागा आहे. 1909 मध्ये हा काठ खचला, तेव्हा निकामी झालेल्या होड्या उधाणाच्या भरतीला ओढून आणून वेगाने काठावर चढवण्याची आणि तळाला भोके पाडून तेथेच रुतवण्याची युक्ती काढण्यात आली. पुढची अनेक दशके हे चालू राहिले. भरतीने आणलेला गाळ होड्यांत साचत गेला आणि काठ वाचला. आज गवतातून वर आलेली लाकडी नाळ, गंजलेले खिळे, सुकाणूचा लोखंडी पट्टा आणि काँक्रीटच्या तराफ्यांची रांग दिसते. कालव्याच्या कडेची वाट सपाट आहे, वडील आरामात चालतील. थोडे पुढे, 25 ऑक्टोबर 1960 च्या रात्री, दाट धुक्यात दोन तेलवाहू बार्ज शार्पनेसच्या गोदीचे दार चुकून भरतीबरोबर वर वाहत गेले आणि रेल्वेच्या पुलाच्या खांबावर आदळले. पूल तुटला, पाच खलाशी मरण पावले. ओहोटीला त्या बार्जचे अवशेष पात्रात अजून दिसतात. नदीची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

परवान्याचे उत्तर सोपे आहे. भारतातील पूर्ण परवान्यावर ब्रिटनमध्ये 12 महिन्यांपर्यंत लहान वाहन चालवता येते, 3.5 टनांपर्यंतच्या एकूण वजनाचा कॅम्परच घ्यावा. भाड्याने देणारे चालकाचे वय, परवाना किती वर्षे जुना आहे आणि तो इंग्रजीत आहे का, हे पाहतात, म्हणून नोंदणीपूर्वीच लेखी विचारून घ्यावे. वाहतूक डावीकडूनच असल्यामुळे बाजू बदलण्याची अडचण नाही. अडचण येते ती लांबी आणि उंचीची. गाडीची उंची फूट-इंचांत कागदावर लिहून समोरच्या काचेजवळ चिकटवावी, कारण पुलांवरील फलक फूट-इंचांत असतात आणि कमानीसमोर आल्यावर मीटरांचे रूपांतर कोणालाच सुचत नाही, 3.05 मीटर म्हणजे 10 फूट. गाडीत झोपण्याच्या जागा चार असल्या तरी पट्टा असलेल्या बसण्याच्या जागा चार आहेत का, हे स्वतंत्रपणे तपासावे. मुलीची उंची 135 सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर तिला कायद्याने बाल-आसन लागते.

वाऱ्याच्या दिवशी 1966 चा जुना सेव्हर्न पूल, म्हणजे एम-48 महामार्गावरचा, उंच वाहनांना बंद होऊ शकतो. तेव्हा एम-4 वरचा 1996 चा प्रिन्स ऑफ वेल्स पूल घ्यावा. त्याला वारा अडवणाऱ्या भिंती आहेत. दोन्ही पुलांवरील टोल डिसेंबर 2018 मध्ये बंद झाला आहे.

भाड्याचे बहुतेक कॅम्पर पुढच्या चाकांच्या ताकदीवर चालतात आणि मागे पाणी, गॅस व सामान यांचे ओझे असते, म्हणून ओल्या गवतावर पुढची चाके फिरत राहतात आणि गाडी हलत नाही. शेतावरच्या जागी गाडी उलटी लावावी, तोंड दाराकडे आणि शक्यतो उताराकडे असावे. चाके फिरू लागली तर वेग वाढवू नये. चाकाखाली जाड पायपुसणे सरकवून हलक्या पायाने क्लच सोडावा. सकाळी निघण्याची घाई नसेल तर दव सुकेपर्यंत थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मुलीसाठी एकच कडक नियम करावा: चिखलावर पाऊल ठेवायचे नाही. तो वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, आत मात्र लोण्यासारखा असतो, आणि भरती येथे माणूस पाय सोडवेपर्यंत थांबत नाही. कोणी अडकलेच तर त्याने धडपड न करता मागे रेलून वजन पसरावे आणि बाकीच्यांनी मागोमाग आत न जाता 999 ला फोन करून ‘कोस्टगार्ड’ मागावा. याच पाण्यासाठी 1973 पासून सेव्हर्न एरिया रेस्क्यू असोसिएशन हे स्वयंसेवकांचे बचावदल काम करते. त्याचा परिचय काठावरून दिसण्यापुरताच असावा.

सहाव्या दिवशी सकाळी स्लिमब्रिजचे पाणपक्षी केंद्र, जे 1946 साली पीटर स्कॉट यांनी स्थापन केले, मुलीसाठी ठेवावे आणि दुपारी गाडी परत करावी. ताबा देण्यापूर्वी चाकांच्या कमानी आणि खालचा भाग गोड्या पाण्याच्या दाबाने धुऊन घ्यावा. सेव्हर्नचा गाळ वाळला की सिमेंटसारखा बसतो, ताबा घेणारा माणूस सर्वांत आधी वाकून तेथेच पाहतो आणि सफाईचे पैसे अनामत रकमेतून कापले जातात. हा वाकून पाहणारा माणूस पाच वर्षे मीच होतो.